पाय घसरला, असं कोण म्हणालं?



'विहिरीत पडून विवाहितेचा मृत्यू'. नांदेड-लातूरकडच्या वर्तमानपत्रांत ही दोन ओळींची बातमी आपण कितीदा वाचली असेल! 'पाय घसरला', आकस्मिक मृत्यूची नोंद, विषय संपला. गावातल्या बायका हळूच म्हणतात, तिनं विहीर जवळ केली. तिला ढकललं असेल, ही तिसरी शक्यता मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही.

अशीच एक बाई जिवंत निघाली आणि मला दवाखान्यात भेटली. सासू खाटेजवळून हलत नव्हती, केसपेपरवर 'अपघात' लिहून झालं होतं. सासू चहाला गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, मागून हात लागला." तिच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वण होते.

बाहेर काढल्यावर लोकांनी तिला पालथं घालून पोट दाबलं होतं. हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ते घातक आहे. पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जातं, मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्या माणसाला मारतो तो प्राणवायूचा अभाव; चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून श्वास थांबला असेल तर उताणं निजवून आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची, पुन्हा दोन श्वास, असं १०८ ची गाडी येईपर्यंत. उन्हाळ्यात आपल्या विहिरी अर्ध्या कोरड्या असतात. कपारीवर आपटून मान मोडलेली असू शकते, तेव्हा मान न हलवता उचलायचं. आणि शुद्धीवर आली म्हणून लगेच घरी न्यायचं नाही. काही तासांनी धाप लागू शकते; सहा-आठ तास तरी दवाखान्यात ठेवायला हवं. घरी न्यायची घाई कुणाला आहे, तेही बघून ठेवावं!

ती गेलीच, तर शवविच्छेदन काय सांगतं? नाकातोंडाशी फेस, फुगलेली फुप्फुसं, हाडाच्या मगजात पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. त्यावरून ती जिवंतपणी बुडाली असावी एवढं कळतं. पाण्यात कशी गेली, ते कळत नाही. ते काठावर शोधावं लागतं: घागर कुठं होती, चप्पल कुठं, बांगड्यांचे तुकडे कुठं. त्याच विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं नाही, तर शेवाळाची तुलना तरी कशाशी करणार?

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर मॅजिस्ट्रेटनं चौकशी केलीच पाहिजे, हे १९८३ पासून कायद्यात आहे. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली, तरी ते कायम आहे. आठव्या वर्षी गेली तरी माहेरच्यांना चौकशी मागता येते. मागावी, आणि लेखी मागावी.

त्या बाईचा जबाब पोलिसांनी पाचव्या दिवशी घेतला. वण तोवर पिवळे पडले होते. पण पहिल्याच संध्याकाळी मी गळ घातली म्हणून डॉक्टरांनी त्यांची जागा आणि माप कागदावर लिहून ठेवलं होतं.