स्वेच्छानिवृत्ती : संघटनेच्या हाती उरते काय?

विशेष प्रतिनिधी

भारत संचार निगम अर्थात बीएसएनएलमध्ये दुसरी स्वेच्छानिवृत्ती योजना येणार, मनुष्यबळात सुमारे ३५ टक्के म्हणजे १८ ते १९ हजारांची कपात होणार, त्यासाठी सुमारे १५ हजार कोटी रुपये मागण्यात आले आहेत, अशी बातमी डिसेंबर २०२४ मध्ये आली. कर्मचारी संघटनांनी तत्काळ विरोध जाहीर केला. त्यानंतर काही महिन्यांतच या कंपनीने तिमाही नफा नोंदवला. २००७ नंतरचा हा पहिलाच नफा असल्याने त्याचा गाजावाजा झाला आणि कपातीची चर्चा मागे पडली. तथापि, 'पुन्हा योजना आली तर आपल्या पदरात काय पडेल?' हा कर्मचाऱ्यांच्या मनातला प्रश्न एखाद्या नफ्याने पुसला जाणारा नाही. कारण २०१९ चा नोव्हेंबर महिना त्यांनी पाहिलेला आहे.

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएल आणि महानगर टेलिफोन निगम अर्थात एमटीएनएल यांच्यासाठी सुमारे ६९ हजार कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती हा तिचा एक मोठा भाग होता. ४ नोव्हेंबरला खिडकी उघडली, ३ डिसेंबरला बंद झाली. या तीस दिवसांत बीएसएनएलच्या पात्र असलेल्या सुमारे १ लाख ४ हजारांपैकी ७८,५६९ आणि एमटीएनएलच्या सुमारे १६ हजारांपैकी १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी अर्ज केले. ३१ जानेवारी २०२० हा या साऱ्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस ठरला. एकाच दिवशी ९२ हजारांहून अधिक माणसे सार्वजनिक सेवेतून बाहेर पडली. देशाच्या औद्योगिक इतिहासात याला तोड सापडणे कठीण. आणि तरीही कायद्याच्या परिभाषेत त्या दिवशी एकाही माणसाची 'कपात' झाली नाही.

ही शब्दांची कसरत नव्हे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कामगार कपातीची व्याख्या करताना स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती तीतून स्पष्टपणे वगळली होती. त्यामुळे नोटीस, सरकारची परवानगी, 'शेवटी आला तो प्रथम जाईल' हा संकेत, यांपैकी काहीही लागू होत नाही. कामगार संघटनेची शस्त्रे ज्या क्षणासाठी घडवलेली असतात, तो क्षण येतच नाही. मालकाने हुकूम काढला तर संप करता येतो, न्यायालयात जाता येते. सभासदाने स्वतःच अर्जावर सही केली, तर संघटनेने भांडायचे कोणाशी?

अर्थात, त्या सहीमागची 'स्वेच्छा' किती निखळ होती, हे तपासले पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये संघटनांच्या संयुक्त मंचाने तीन दिवसांचा संप केला. प्रमुख मागण्या होत्या फोर-जी ध्वनिलहरींच्या आणि वेतनसुधारणेच्या. खासगी कंपन्या फोर-जीवर ग्राहक ओढून नेत असताना सरकारी कंपनीला ती सेवा देण्याची मुभाच नाही, ही तक्रार अनाठायी नव्हती. त्याच फेब्रुवारीचा पगार मार्च अर्धा सरेपर्यंत मिळाला नाही. एमटीएनएलमध्येही पगार लांबत होते. बीएसएनएलच्या महसुलातला सुमारे ७५ टक्के आणि एमटीएनएलच्या महसुलातला सुमारे ८७ टक्के वाटा पगारावर जातो, असे सरकार सांगत होते. आकडे खरेच होते. पण महसूल आटल्यामुळे हे प्रमाण फुगले, ही गोष्ट त्यासोबत सांगितली जात नव्हती. पगाराची तारीख हुकू लागली की पन्नाशीतल्या माणसाचे गणित बदलते. मुलीचे लग्न, घराचे हप्ते, आणि कंपनी उद्या असेल की नाही ही धास्ती, या सगळ्यांपुढे एकरकमी पैसा आणि सुरू होणारे निवृत्तिवेतन अधिक भरवशाचे वाटू लागते.

२५ नोव्हेंबर २०१९ रोजी, खिडकी बंद व्हायला आठवडा उरला असताना, बीएसएनएलच्या संघटनांनी देशभर उपोषण केले. निवृत्तीचे वय ५८ वर आणले जाईल, दूरवर बदल्या होतील, अशी भीती घालून अधिकारी सह्या घेत आहेत, असा त्यांचा आरोप होता. उपोषणाने फारसा फरक पडला नाही. तोवर बहुसंख्य पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज दाखल झालेले होते. संघटना रस्त्यावर आणि सभासद अर्जाच्या रांगेत, असे ते विसंगत चित्र होते. त्यावरून संघटना निष्प्रभ ठरल्याचा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो अपुरा आहे.

त्या महिन्यात सभासदाला घोषणेपेक्षा हिशेबाची अधिक गरज होती. योजनेचे सूत्र वरवर सोपे होते. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचे वेतन. तीस वर्षे नोकरी झालेल्या आणि सहा वर्षे शिल्लक असलेल्या माणसाचे त्यानुसार १,२०० दिवस भरत, म्हणजे ढोबळमानाने चाळीस महिन्यांचा पगार. पण त्यावर उर्वरित सेवाकाळातील उत्पन्नाशी जोडलेली कमाल मर्यादा होती. रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागून मिळणार होती. निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय साठीपर्यंत पुढे ढकललेली होती. कर किती कापला जाईल, वैद्यकीय सुविधा टिकेल का, पुढची वेतनसुधारणा झाली तर तिचा लाभ मिळेल का, या प्रश्नांचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे होते. 'योजना घेऊ नका' असे सरसकट सांगणे सोपे. पण ५८ वर्षांच्या आणि ५१ वर्षांच्या सभासदाला एकच सल्ला देणारी संघटना दोघांपैकी एकाचे नुकसान करते. अशा वेळी व्यासपीठावरच्या वक्त्यापेक्षा सेवापुस्तिका आणि नियमावली वाचता येणारा शाखा सचिव अधिक कामाचा असतो.

आणि त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१९ मध्ये कर्मचाऱ्याला ज्याचा आधार वाटला, ते निवृत्तिवेतन त्या वर्षी मिळवलेले नव्हते. ते १९ वर्षे आधी मिळवलेले होते.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवा विभागाचे बीएसएनएल या कंपनीत रूपांतर झाले. काही लाख सरकारी नोकर एका रात्रीत कंपनीचे नोकर होणार होते. कंपनी बुडाली तर निवृत्तिवेतन कोण देणार, हा प्रश्न तेव्हा कर्मचारी महासंघांनी लावून धरला. सप्टेंबर २००० मध्ये संप झाला. त्यानंतर खात्यातून कंपनीत सामावल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन केंद्र सरकार देईल, अशी तरतूद केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांतील ३७-अ या कलमाने झाली. त्या काळी कंपनी नफ्यात होती, मोबाइल सेवा यायची होती आणि निवृत्तिवेतनाच्या हमीसाठी भांडणारे नेते अनेकांना जुन्या वळणाचे वाटत होते.

मुंबईकरांच्या परिचयाच्या एमटीएनएलचा अनुभव याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतो. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्लीसाठी स्थापन झालेल्या या महामंडळाची ऐट काय होती, हे टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव घालून बसलेल्या पिढीला सांगायला नको. दिवाळीची पोस्त मागायला येणाऱ्या लाइनमनला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची छाती फारच थोड्यांची होती. येथील क आणि ड वर्गाचे कर्मचारी १९९८ मध्येच महामंडळात सामावले गेले; पण बीएसएनएलसारखी सरकारी निवृत्तिवेतनाची हमी त्यांना मिळाली नव्हती. ती मिळायला मार्च २०१४ उजाडले. तोवर महामंडळ तोट्यात रुतलेले होते. ती दुरुस्ती झाली नसती, तर २०१९ मध्ये मुंबईतल्या कर्मचाऱ्याने कशाच्या भरवशावर सही केली असती? आज आठ हजार कोटींहून अधिक रकमेची बँककर्जे थकवलेल्या महामंडळाच्या भरवशावर नक्कीच नाही.

एमटीएनएलच्या बाबतीत राजकारणाचाही एक धडा आहे. येथे एकेकाळी नोकरी केलेले आणि कामगार संघाचे नेतृत्व करणारे शिवसेनेचे खासदार अरविंद सावंत त्या ऑक्टोबरमध्ये केंद्रात अवजड उद्योग व सार्वजनिक उपक्रम खात्याचे मंत्री होते. म्हणजे योजना मंजूर करणाऱ्या सरकारात कामगारांचा नेता बसलेला होता. ११ नोव्हेंबर रोजी, खिडकी उघडी असतानाच, त्यांनी राजीनामा दिला. पण तो राज्यातील युती तुटल्यामुळे. नेता मंत्रिमंडळात असणे आणि सभासदाच्या हाती नियमाचा कागद असणे, यांत फरक असतो तो असा.

मात्र हे छत्र सर्वांवर नव्हते. बीएसएनएलचे हजारो कंत्राटी कामगार या साऱ्या हिशेबाच्या बाहेर होते. केबल जोडणारे, खांबांवर चढणारे, कार्यालये झाडणारे हे लोक. २०१९ मध्ये त्यांचे वेतन अनेक महिने थकले होते. नोव्हेंबरच्या त्याच पहिल्या आठवड्यात केरळात एका कंत्राटी कामगाराने बीएसएनएलच्या कार्यालयातच जीवन संपवले. त्यांच्यासाठी ना योजना होती, ना खिडकी. नियमित कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यांच्या बाजूने निवेदने दिली, मोर्चेही काढले; परंतु वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचा विषय नेहमीच यादीच्या तळाशी राहिला, हे संघटनांनी मान्य करायला हवे.

कागदाचे मोल सांगताना त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यासाठी मुंबईतच 'बेस्ट'चे उदाहरण समोर आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेथे नऊ दिवसांचा संप झाला. पुढे जूनमध्ये झालेल्या करारात भाडेतत्त्वावरील बसगाड्यांना संघटनेने मान्यता दिली; त्या बदल्यात स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवण्याचे आणि नोकरकपात न करण्याचे आश्वासन मिळाले. कपात झाली नाहीच. पण जुन्या गाड्या भंगारात गेल्या, तेवढ्या नव्या आल्या नाहीत आणि २०२५ पर्यंत स्वतःच्या गाड्यांची संख्या हजाराच्याही खाली आली. गाडीच नसेल तर चालक आणि वाहकाचे पद कशासाठी भरायचे? माणूस राहिला, त्याची जागा त्याच्यासोबत निवृत्त झाली. बीएसएनएलच्या हमीला केंद्रीय नियमाचे बळ होते, 'बेस्ट'च्या कराराला फक्त सह्यांचे.

किंबहुना नियमाचे बळ असलेली हमीसुद्धा आपोआप चालत नाही. बीएसएनएल-एमटीएनएलच्या निवृत्तांची जानेवारी २०१७ पासूनची निवृत्तिवेतनसुधारणा, कंपनीतील वेतनसुधारणा झालेली नाही या कारणाने, अडवून ठेवण्यात आली. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये निवृत्तांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही त्याची झळ बसली. अर्ज भरताना हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते.

दरम्यान, मैदानही बदलले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक आहे. निम्म्या किंवा अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तरी तो संपच मानला जाईल. कारखाने, खाणी, मळे यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. कपात झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद नवी आहे आणि चांगलीही. पण स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती लागू नाही, कारण त्याची कपात होतच नाही. तीस दिवसांच्या खिडकीत चौदा दिवस नोटिशीतच गेले, तर संपाचे हत्यार उपसायला उरतात किती दिवस?

म्हणूनच बीएसएनएलमध्ये आज कोणत्या मागणीला किती वजन मिळते, याकडे लक्ष द्यायला हवे. २००० मध्ये खात्यातून आलेली पिढी वेगाने निवृत्त होत आहे. यापुढे कंपनीत उरणार आहेत ते प्रामुख्याने थेट कंपनीत भरती झालेले कर्मचारी. ३७-अ त्यांना लागू नाही. त्यांची मदार आहे ती भविष्यनिर्वाह निधीवर आणि कंपनीने निवृत्तिलाभांसाठी द्यायच्या अंशदानावर. सार्वजनिक उपक्रमांच्या निकषांप्रमाणे हे लाभ मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत देता येतात, आणि ते पूर्णपणे द्यावेत ही या कर्मचाऱ्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. वेतनसुधारणेच्या गदारोळात ती मागे पडते. वेतनवाढ पुढच्या महिन्याच्या पावतीवर दिसते, अंशदान वीस वर्षांनी. दुसरी योजना खरोखरच आली, तर पन्नाशीत पोहोचलेला हा थेट भरतीचा कर्मचारी संघटनेच्या कार्यालयात हिशेब विचारायला येईल. त्याच्या कागदावर दरमहा सरकारकडून येणाऱ्या निवृत्तिवेतनाची ओळ नसेल. खिडकी अजून उघडलेली नाही, अशा काळातच त्या रिकाम्या जागी काही लिहून घेता येते. २००० मध्ये ते लिहून घेतले गेले होते.