शिबंदीचा माणूस आणि न्यायालयाचे दार



धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी, थाळनेरचा पडका किल्ला आहे. 1818 च्या जानेवारीत होळकरांनी मंदसौरच्या तहाने खानदेशातील आपला मुलूख कंपनी सरकारला दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र किल्ला सोडला नाही. 27 फेब्रुवारीस इंग्रजी फौजेने तो घेतला, आतील अरब शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदारास फासावर चढविले. धन्याने मुलूख दिल्यावर लढणारा तो सैनिक नव्हे, बंडखोर होय, असा जेत्यांचा युक्तिवाद होता. सैनिक कोण आणि बंडखोर कोण, याचा निवाडा ज्याच्या हाती दोर होता त्यानेच केला.

चाळीस वर्षांनी, 11 एप्रिल 1858 रोजी, सातपुड्यात आंबापाणी येथे बंड केलेल्या भिल्लांशी इंग्रजांची लढाई झाली. तेथेही पकडलेल्या अनेकांना रणभूमीवरच झटपट लष्करी न्यायासन बसवून गोळ्या घालण्यात आल्या.

हे जुने मढे आज का उकरावे, असे आपण विचाराल. कायद्याच्या कक्षेबाहेर उभ्या केलेल्या माणसाचे काय होते, हे आपल्या आजापणज्यांनी पाणवठ्यावर भोगले आहे. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

1907 च्या हेग नियमांनी अनियमित लढवय्यांना सैनिकाचा दर्जा देऊ केला; पण त्यास जबाबदार नायक, दुरून ओळखू येणारी खूण, उघड धरलेले शस्त्र आणि युद्धनियमांचे पालन अशा चार अटी घातल्या. शिवाय ते नियम राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरते होते. 1949 च्या जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने पुढचे पाऊल टाकले. देशांतर्गत सशस्त्र लढ्यातही पकडलेल्या माणसाचा वध करू नये, छळ करू नये, रीतसर न्यायालयाच्या निवाड्यावाचून त्यास देहदंड देऊ नये, असे ते बजावते. याने बंडखोरास मान्यता मिळेल, अशी भीती काहीजण घालतात. ती निराधार आहे. लढणाऱ्या पक्षांच्या कायदेशीर दर्जात याने फरक पडत नाही, असे तेच कलम स्पष्ट सांगते.

भारताने हे करार 1950 मध्ये स्वीकारले आणि 1960 मध्ये त्यासाठी कायदा केला. पण त्याचे 17 वे कलम वाचा. सरकारने, अथवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद केल्याखेरीज या कायद्याखालील अपराधाची दखल न्यायालयास घेता येत नाही. ज्याच्या शिपायावर आरोप, त्यानेच फिर्याद करावयाची ! मारल्या गेलेल्याच्या आईला या कायद्यात दार नाही.

बाबासाहेबांनी घटनेच्या 32 व्या कलमाला तिचा आत्मा व हृदय म्हटले, ते याचसाठी. दाद मागता येत नसेल तर हक्क हा कागदावरचा अलंकार ठरतो. घटनेच्या 21 व्या कलमाने जीविताचे रक्षण केवळ नागरिकाला दिलेले नाही, प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. तेव्हा 17 वे कलम बदलून पीडिताच्या आप्तांनाही फिर्यादीचा अधिकार द्यावा, आणि तिसऱ्या कलमाचा भंग हा स्वतंत्र अपराध ठरवावा, असे माझे मत आहे. शस्त्र घेणाऱ्याचा मार्ग मला मान्य नाही. पण त्याचाही न्याय न्यायालयातच झाला पाहिजे.

अर्थात कायदा युद्धाला वेसण घालतो, युद्ध थांबवीत नाही. ते काम माणसांचे आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांवर युद्ध पुकारावयाचे ठरविले, तेव्हा सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला, ही कथा बाबासाहेबांनी आपल्याला सांगितली आहे. दोन आपले, दोन त्यांचे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पंचांनी तंटा सोडवावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. तरी त्याने सैन्यात जाण्यास नकार दिला आणि त्याची किंमत मोजली.

आपल्या घरांतील मुलांना ही कथा सांगाल, तेव्हा थाळनेर आणि आंबापाणीही सांगा. आणि मत मागावयास दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा : पकडलेल्या माणसासाठी न्यायालयाचे दार तुम्ही केव्हा उघडणार ?