जुनी पिकअप घेताना आधी गिअरबॉक्स पाहा

सोलापूर जिल्ह्यातील शेतीचे स्वरूप गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले आहे. ज्वारीच्या या मुलखात सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा या भागांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरास स्थापन झाले, तर २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन लाभले. कांद्याच्या व्यापारात सोलापूरची बाजार समिती राज्यातील मोठ्या पेठांपैकी एक गणली जाते. ज्वारी घरात वर्षभर राहू शकते. परंतु तोडलेले डाळिंब व गोणीत भरलेला ओला कांदा यांना वेळेवर पेठेत पोहोचणे भाग असते. यामुळे गावोगावी मालवाहू पिकअप दिसू लागली आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर असल्याने अनेक शेतकरी बंधू वापरलेली गाडी विकत घेतात.

अशी गाडी घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मात्र 'जुनी गाडी म्हणजे नशिबाचा खेळ' हे जे सर्रास बोलले जाते, ते मान्य करण्याजोगे नाही. जुन्या गाडीचा भरवसा तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पूर्वीच्या मालकाने तिच्यावर किती ओझे लादले, गिअरबॉक्समधील तेल वेळच्या वेळी बदलले की नाही, आणि घेणाऱ्याने ती नीट पारखली की नाही. पैकी पहिल्या दोन गोष्टींची साक्ष गिअरबॉक्स स्वतःच देतो. खरेदीच्या वेळी मात्र नवा रंग, टायर व हौद्याची मजबुती एवढेच पाहिले जाते, ही खेदाची बाब आहे.

इंजिन थकले असेल तर ते धुरावरून किंवा सकाळी सुरू होताना केलेल्या कुरकुरीवरून कळते. गिअरबॉक्सचे तसे नाही. रिकाम्या गाडीत तो आपला दोष झाकून ठेवतो, आणि माल भरल्यावर, बहुधा बाजाराच्या दिवशीच, उघडा पडतो. मग रस्त्यात दुसरी गाडी शोधा, क्रेट उतरवा, पुन्हा चढवा आणि लिलाव चुकला तर दुसऱ्या दिवसाच्या भावावर समाधान माना, अशी पाळी येते. दुरुस्तीचा खर्च तो निराळाच. चार-सहा महिने जपलेल्या पिकाचे मोल शेवटच्या दोन तासांत उतरावे, यासारखे दुर्दैव नाही.

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कशी जाते, हे प्रथम समजून घ्यावे. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारा व सोडविणारा दुवा म्हणजे क्लच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे पुष्कळ व चाकाचे थोडे होतात. त्यामुळे वेग कमी पण ओढ अधिक मिळते. गिअरबॉक्समधून निघालेला लांब दांडा मागील डिफरन्शियलला फिरवितो व तेथून शक्ती दोन्ही चाकांत वाटली जाते. गिअर बदलताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आत बहुधा पितळी कड्या असतात. ही योजना १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली; तत्पूर्वी चालकास प्रत्येक वेळी दोनदा क्लच दाबावा लागे. या कड्या झिजल्या की गिअर टाकताना खरखर होऊ लागते.

आता परीक्षेकडे वळू. पहिली परीक्षा जागच्या जागी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे व क्लच मोकळा ठेवून कान द्यावा. घरघर ऐकू आली आणि क्लच दाबताच ती थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेलेले असण्याचा संभव अधिक.

दुसरी परीक्षा क्लचची. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाकावा व क्लच सावकाश सोडावा. इंजिन चटकन बंद पडले तर क्लच ठीक. ते बंद न पडता चालतच राहिले, तर क्लचप्लेट घसरते आहे असे समजावे. या वेळी गाडीपुढे कोणी उभे राहू नये. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळते.

तिसरी परीक्षा तेलाची. गिअरबॉक्सचे थोडे तेल मिस्त्रीकडून स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढून घ्यावे. तेलात बारीक करड्या रंगाचा गाळ असणे ही नेहमीची झीज होय. पिवळी चमक दिसली तर पितळी कड्या झिजल्याची ती खूण आहे. आणि पोलादाचे तुकडे सापडले तर दात तुटले आहेत असे समजून त्या गाडीचा नाद सोडावा. तेल नेहमीपेक्षा फार दाट असेल किंवा त्यात भुसा आढळला, तर आवाज दाबण्यासाठी केलेली ती जुनी हातचलाखी आहे.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. गाडीत निदान अर्धा भार भरून दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. वाटेत एखादा चढ व थोडा कच्चा रस्ता असावा. प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढवावा आणि मग अॅक्सिलरेटर एकदम सोडावा. त्या क्षणी गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये आला, तर दात किंवा त्यांना धरणारे भाग झिजले आहेत. गाडी उचलताना मागे 'खट्' असा धक्का बसला तर दांड्याचे क्रॉस अथवा डिफरन्शियल तपासावे. अॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना मागून येणारी शीळ बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन पाहून घ्यावे. विकणारा भरलेली गाडी चालवून पाहू देण्यास तयार नसेल, तर किंमत कितीही उतरो, तो व्यवहार तेथेच सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु पारखून घेतलेली गाडीही वाईट वापराने थोड्याच दिवसांत निकामी होते. १.७ टन वजन वाहण्यास बनविलेल्या पिकअपमध्ये ५० किलोच्या ३४ गोण्या बसतात. त्याऐवजी ५० गोण्या रचल्या म्हणजे २,५०० किलो होतात. म्हणजे जवळजवळ निम्मा भार जास्त. 'एका फेरीचे डिझेल वाचले' असा हिशेब त्या दिवशी मांडला जातो. पण शेतातून रस्त्यावर चढताना चालक क्लच अर्धा दाबून धरतो, प्लेट तापते, गिअरच्या दातांवर बेसुमार ताण येतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात आधीच पातळ झालेले तेल दातांना आवश्यक तेवढे आवरण देऊ शकत नाही. वाचविलेले डिझेल मग मिस्त्रीच्या बिलात दामदुपटीने वसूल होते. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ब्रेक न लागल्यास माणसांच्या जिवावर बेतते, ते वेगळे सांगावयास नको.

गाडी घरी आल्यावर पहिले काम म्हणजे गिअरबॉक्स व डिफरन्शियल या दोहोंचे तेल, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे, नव्याने भरणे. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नये. खाली तेलाचे थेंब दिसताच सील बदलावे. तेल कमी पडल्याने गिअरबॉक्स खराब होणे ही निव्वळ हलगर्जी होय.

स्वतःची गाडी हवीच काय, याचाही विचार व्हावा. उदाहरणादाखल, विमा, कर, तपासणी, व्याज व घसारा मिळून वर्षाला ९०,००० रुपये होतात असे धरू. वर्षात ९० फेऱ्या झाल्या तर फेरीमागे १,००० रुपये पडतात. ३० फेऱ्या झाल्या तर ३,००० रुपये. डिझेल, चालक व दुरुस्ती यांवर आणखी. ज्यांच्या फेऱ्या थोड्या, त्यांनी भाड्याची गाडी करावी किंवा चार-पाच बागायतदारांनी मिळून एक घ्यावी. सामाईक गाडीत मात्र भाराची मर्यादा व तेल बदलण्याची तारीख वहीत लिहिलेली असावी. नाही तर सर्वांची गाडी ती कोणाचीच नव्हे, असे होते.

व्यवहार पुरा करताना नोंदणीपुस्तक, विमा व योग्यता प्रमाणपत्र पाहावे. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यापुढे दरवर्षी नवे करावे लागते. गाडीवरील कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी आणि गाडी आपल्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस शेवटी एक विनंती. मोटारगाडी हा आपल्या खात्याचा विषय नाही, असे समजून आपण या प्रश्नापासून दूर राहतो. बियाण्याची उगवणशक्ती तपासल्याखेरीज पेरणी करू नका, असे आपण शेतकऱ्यास सांगतो. त्याच बियाण्यापासून आलेला माल ज्या गाडीतून पेठेत जावयाचा, ती लाखो रुपयांची गाडी तो केवळ रंग पाहून घेत असेल, तर आपला सल्ला अपुरा राहिला असेच म्हणावे लागेल. गावच्या बैठकीत एखाद्या जाणत्या मिस्त्रीस बोलावून वरील चार परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यास अर्धा दिवस पुरे आहे. त्यामुळे एका जरी शेतकऱ्याचा माल ऐन लिलावाच्या दिवशी रस्त्यात अडकण्याचे टळले, तरी तो अर्धा दिवस कारणी लागला असे समजावे.