तळपद्यांचे विमान आणि आमची कन्या

मराठीच्या प्राध्यापकाला विमानातले काय कळते, असे कोणी विचारील तर मी खुशाल सांगेन, की काही नाही. तथापि गेली वीस वर्षे मी वर्गात एक विमान नेमाने उडवीत आलो होतो. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे! राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, एवढे म्हटले की मागच्या बाकांवरची डुलकी मोडे आणि टाळ्या पडत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून धुळ्याला निघालो. आद्य वैमानिकांचे स्मारक नाही, तर निदान गोंदूरच्या विमानतळावर त्यांचे वारसदार तरी पाहावेत, असा बेत होता. एरंडोल मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. एस.टी.त मी कन्येला माझी ती हुकमी गोष्ट सांगितली. ती नववीत आहे.

"बाबा, हे कोणी पाहिलं होतं?"

"सगळ्यांनी!"

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

सौभाग्यवती खिडकीबाहेरचा कापूस पाहू लागल्या. मी पारोळ्याच्या किल्ल्याकडे विषय वळवला.

धुळ्यात उतरल्यावर राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावी वारले. जुन्या कागदांसाठी गावोगाव वणवण करणारा आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापणारा हा माणूस! त्यांच्या नावाच्या वास्तूत उभा राहिलो आणि कन्येचा प्रश्न पुन्हा टोचला. तळपद्यांच्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. टाळ्या गोड लागत होत्या, एवढेच.

दुपारी गोंदूरला कुंपणाबाहेर उभे राहिलो. एक चिमुकले विमान उतरले, न थांबता पुन्हा उडाले, घिरटी घालून परत आले. शेजारी बैल घेऊन उभा असलेला शेतकरी म्हणाला, "रोज उडस भाऊ. पोरे शिकतस."

तेथेच मी कन्येला खरा हिशेब दिला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. आमची गल्लीदेखील त्याहून लांब! पण पाहणारे पाच जण होते आणि छायाचित्र आहे. १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जे. आर. डी. टाटा तेथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्याच क्लबची शिकवणी पुढे या गोंदूरच्या माळावर आली.

"मग तळपदे खोटे?" कन्येने विचारले.

"तसे नाही. माणूस खरा, त्याची उडण्याची ओढही खरी. उड्डाण मात्र सिद्ध नाही. त्यांच्या नावावर न झालेले काही चढवणे हा त्यांचा मान नव्हे."

सुट्टीनंतर वर्गात ती गोष्ट मी पुन्हा सांगितली. फक्त 'असे म्हणतात' हे दोन शब्द घातले आणि पुराव्याची स्थितीही सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. पण मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, मग पुरावा शोधायचा कुठे?"

वीस वर्षांत त्या बाकावरून आलेला तो पहिलाच प्रश्न!