सुट्टीत पोरांना कुठे घालायचे?



जयंतीची धामधूम संपली, परीक्षाही उरकल्या. आता शाळा बंद आणि पोरे घरात. जयंतीच्या पताका उतरायच्या आतच खांबांवर उन्हाळी वर्गांच्या जाहिराती चिकटतात. चित्रकला, कराटे, इंग्रजी बोलणे, संगणक, पोहणे आणि आता त्यात मातीकामाचीही भर पडली आहे. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एक ताई असाच एक कागद हातात घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी सहावी पास होऊन सातवीत गेली. शाळेत एकदा कुणीतरी कुंभाराचे चाक आणून दाखवले होते, तेव्हापासून तिने मातीचा हट्ट धरला आहे. ताईंचे म्हणणे असे, "मडकी करायला शिकून काय करायचंय? ती काय कुंभारकी करणार आहे? त्यापेक्षा घरात राहिली तर हाताखाली तरी येईल."

‘हाताखाली येईल’ याचा अर्थ सोलापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. आईच्या मांडीवर सूप, मुलगी शेजारी बसून पाने कापणार, बिड्यांची तोंडे बंद करणार. मे महिन्यात लागलेली ही सवय जून उजाडला तरी सुटत नाही. शाळेतून आली की दोन तास सूप, मग अभ्यास, आणि अभ्यासाला बसेपर्यंत डोळे मिटायला लागलेले. त्याच घरातल्या धाकट्या मुलाचे नाव क्रिकेटच्या शिबिरात घातलेले होते आणि त्याची फीही भरून झाली होती. मी ताईंना एवढेच विचारले, की मुलाला फी भरून खेळायला पाठवता, मग मुलीची सुट्टी फुकट कशी? त्या काही बोलल्या नाहीत. पण कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, फेकला नाही.

सुट्टीतला वर्ग म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. त्यांना सोलापूरचीच एक गोष्ट आठवून देते. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह उघडले ते आपल्या सोलापुरात. सभेच्या कामात विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक होते, मुंबईत मोफत वाचनालय होते आणि चक्क एक हॉकी क्लबही होता. ज्या समाजाच्या पोटाला पुरेसे नव्हते त्याच्यासाठी हॉकी! पण विचार सरळ होता. रिकामा वेळ चांगल्या कामात गेला नाही तर तो जुगार-दारूकडे जातो. ही गोष्ट घडून शंभर वर्षे उलटली. आज जुगाराच्या जागी मोबाइल आला आहे, आणि मुलींच्या बाबतीत सूप.

आता कुंभारकीचा प्रश्न. जन्माने मिळालेला धंदा आणि आवडीने शिकलेली कला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जात म्हणजे श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावे आणि इतरांनी मातीला हात लावू नये, ही त्या व्यवस्थेची रीत. त्याच पुस्तकात पेशवाईतल्या पुण्याची आठवण आहे. आपल्या पूर्वजांची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवायला लावत. १९२७ साली महाडच्या तळ्याचे आपण पाणी प्यालो, तर ते तळे ‘शुद्ध’ करायला शेण-गोमूत्र कालवलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. मडक्याशी आपले नाते असे आहे. त्याच मातीचे भांडे आपली मुलगी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने घडवणार असेल, तर त्यात कमीपणा कसला?

आणि कुंभाराला आपल्या धम्मात मान आहे. मज्झिम निकायात घटीकार नावाच्या कुंभाराची कथा येते. आंधळ्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारा हा माणूस स्वतः जमीन खणत नसे. नदीकाठची ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती तो आणी. भांडी करून मांडून ठेवी. ज्याला हवे त्याने तांदूळ, डाळ ठेवावी आणि भांडे न्यावे. त्याचा मित्र जोतिपाल ब्राह्मण होता आणि कस्सप बुद्धांना भेटायला काही केल्या येत नव्हता. तेव्हा घटीकाराने त्याचे नुकतेच धुतलेले केस धरून ओढले. खालच्या जातीचा माणूस आपल्या डोक्याला हात लावतो म्हणजे गोष्ट तशीच मोठी असणार, असे वाटून जोतिपाल निघाला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, केस ओढण्याच्या जागी ती खदखदून हसतात.

आता वर्ग पारखायचा कसा ते सांगते. पाच दिवसांत चाक शिकवतो असे कुणी म्हणाले तर सावध राहा. फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर मातीचा गोळा बसवणे हेच नवख्याला कित्येक दिवस जमत नाही. मग होते काय, भांडे शिक्षक करतात, मूल वरून नुसता हात ठेवते आणि फोटो निघतो. चांगला वर्ग आधी माती मळायला लावतो. मग चिमटीने वाटी, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे, थापून केलेली चौकट. हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलालाही जमते आणि मोठ्या माणसालाही नव्याने शिकता येते. चाकावर बसायला आठ-दहा वर्षांचे वय बरे. एका चाकामागे किती मुले, हे जरूर विचारा. पंधरा मुलांत एक चाक असेल तर तासभर रांगेत उभे राहायचे आणि पाच मिनिटे माती हाताळायची, असा प्रकार होतो.

दुसरा प्रश्न भाजण्याचा. कच्चे भांडे पाण्यात विरघळते. ते सावलीत सावकाश वाळवावे लागते, घाई केली तर तडकते. भिंत जाड राहिली किंवा आत ओल राहिली तर भट्टीत फुटते. म्हणून आठ दिवसांच्या वर्गात भाजलेले भांडे शेवटच्या दिवशी हातात पडेलच असे नाही. नंतर भाजून देणार का आणि त्याचे पैसे वेगळे का, हे फी भरण्यापूर्वीच विचारावे. माती, रंग, भट्टी यांचे पैसे मागाहून सांगणारे वर्ग आहेत. काही ठिकाणी मातीकाम म्हणून साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात. त्याला मातीकाम म्हणू नये. चकचकीत लेप दिलेल्या भांड्यात खायचे असेल तर लेपात शिसे नाही ना, याची खात्री करा. वाळलेल्या मातीची धूळ छातीला वाईट, म्हणून जागा कोरडी झाडत असतील तर ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आपल्या घरात तंबाखूची धूळ कमी नाही, त्यात आणखी भर नको.

सोलापूरचा मे महिना, वर पत्रा. सकाळी सात ते नऊचा वर्ग असेल तरच विचार करावा. नळाला रोज पाणी नसते, तेव्हा हात धुवायला पाणी आणि मुलींसाठी बंद दाराचा संडास आहे का, हे स्वतः जाऊन बघावे.

एक नाजूक गोष्टही बोलून टाकते. महाराष्ट्रात मुलांचे मातीचे वर्ग पुष्कळदा गणपतीची मूर्ती करण्यासाठीच असतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाची तिथे ओढाताण होते. भांडण करायचे कारण नाही. आधीच शिक्षकांना सांगावे, आमचा मुलगा दिवा करील, बैल करील, स्तूप करील. चांगला शिक्षक लगेच मान्य करतो. जो हसतो किंवा आडनाव विचारून तोंड वाकडे करतो, त्याच्याकडे मूल ठेवू नका, मग वर्ग फुकट का असेना.

श्रामणेर शिबिरांबद्दलही काही पालक विचारतात. भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा सुट्टीत अशी शिबिरे घेतात. मुलगा जरूर पाठवा, पण समजून पाठवा. मुंडण असते, चीवर असते, दहा शिले पाळायची असतात, त्यात दुपारनंतर जेवण नाही. लहान, अशक्त किंवा औषध चालू असलेल्या मुलाबद्दल भन्तेजींशी आधी बोलून घ्यावे. मातीचा वर्ग आणि धम्माचे शिबिर यांत वैर नाही, सुट्टी दीड महिन्याची आहे.

पैसे अजिबातच नसतील तर? कुंभार वेशीचे नाव आपण रोज घेतो, पण चालत्या चाकाजवळ पोरांना कितीदा उभे केले? जवळपास चाक चालवणारा कारागीर असेल तर त्याला विचारून दोन सकाळी मुलांना बसू द्या. उन्हाळा म्हणजे त्याच्या माठांचा हंगाम, त्याचा वेळ मोलाचा आहे. म्हणून फुकट नको, एक माठ तरी त्याच्याकडून विकत घ्या. आणि एक दिवस एस.टी.ने धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. गोरा कुंभारांचे हे गाव फार पुरातन. तिथल्या सरकारी संग्रहालयात सातवाहन काळच्या भाजलेल्या मातीच्या वस्तू आहेत. जवळच त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. लेणी सगळ्यांना ठाऊक असतात, विटांचे चैत्यगृह फार थोड्यांनी पाहिलेले असते.

त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. वर्गावर जाऊन सगळे विचारून आल्या होत्या. भाजणीचे पैसे फीतच आहेत, चार मुलांत एक चाक आहे, आणि अर्धी फी आता, अर्धी पुढच्या आठवड्याची मजुरी झाल्यावर, असे ठरले आहे. पाने कापायला धाकटा बसणार का, असे मी विचारले. तो नाही, त्याचे वडील बसणार आहेत म्हणे, संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर. बघू या. सोमवारपासून सकाळी सातला वर्ग आहे. येताना एक जुना टॉवेल आणि घरातला मोठा जुना शर्ट आणायला सांगितले आहे.