आधी टायर, मग रिम

स्पोर्ट्स कारच्या शौकिनांत एक समजूत पक्की रुजली आहे: रिम जितकी मोठी आणि टायर जितका रुंद, तितकी गाडी चपळ. या मताचे लोक तीन कारणं देतात. मोठ्या रिमवर साइडवॉल आखूड होते, त्यामुळे स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. रुंद टायरचं जास्त रबर रस्त्याला लागतं. आणि नामांकित कंपन्याही हेच करतात. तिन्हींत तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तपासलं की निष्कर्ष उलटा निघतो. टायर आधी निवडावा, आणि ब्रेक सामावून घेईल अशी लहानात लहान, हलकी रिम त्यानंतर.

टोयोटा जीटी86 घेऊ. 2012 साली आलेली ही सुमारे 200 हॉर्सपॉवरची गाडी 215/45 आर17 टायरवर धावते. रुंदी 215 मिमी, तिच्या 45 टक्के म्हणजे सुमारे 97 मिमी साइडवॉल, रिम 17 इंची. चाकाचा व्यास 625 मिमी. हौसेने 19 इंची रिम चढवली, तर 215/35 आर19 टायर लागेल. व्यास होईल 633 मिमी, म्हणजे फरक जेमतेम 8 मिमीचा. साइडवॉल मात्र 75 मिमीवर येईल. रबर आणि हवेची जागा धातू घेणार, तीही चाकाच्या कडेजवळ. फिरत्या चाकाचं जडत्व केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून कडेकडे सरकलेलं वजन वेग घेताना इंजिनाला आणि थांबताना ब्रेकला जास्तीचं काम लावतं. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खडबडीत रस्त्यावर जड चाक उसळलं की सस्पेन्शनला ते चटकन खाली आणता येत नाही, आणि तेवढा वेळ ग्रिप जाते.

रुंदीचंही तसंच. भार आणि हवेचा दाब तोच असेल, तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही; त्याचा आकार आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो, हे मान्य. पण हलक्या गाडीवर फार रुंद टायर नीट तापत नाही, आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. ग्रिपचा मोठा वाटा कंपाउंडचा असतो. त्याच मापाचा, पण चांगल्या कंपाउंडचा टायर जे देतो, ते वाढीव दोन इंच देऊ शकत नाहीत.

आक्षेप येईल, की मग सध्याच्या पोर्शे 911 जीटी3ला पुढे 20 आणि मागे 21 इंची चाकं का? कारण तिची पुढची ब्रेक डिस्कच 408 मिमीची आहे, आणि इंजिनाचा भार मागच्या चाकांवर आहे. तिथे माप गरजेतून ठरलं. दुसरा आक्षेप फॉर्म्युला वनचा: 2022 मध्ये तिथेही 13 इंचांऐवजी 18 इंची रिम आली. पण तो नियमातला बदल होता आणि रस्त्यावरच्या गाड्यांशी जवळीक साधणं हा त्यामागचा मुख्य हेतू होता. त्याआधी कित्येक दशकं त्या गाड्यांनी सर्किटवरचा अफाट वेग 13 इंची रिमवरच गाठला होता.

तेव्हा गाडी कुठे आणि कोणत्या हवामानात चालवायची, हे आधी ठरवा. त्यानुसार कंपाउंड, मग रुंदी, भारक्षमता आणि वेगश्रेणी पाहा. शेवटी कंपनीच्या ऑफसेटला धरून असलेली हलकी रिम घ्या. मोठी रिम शोभेसाठी हवी असेल तर जरूर घ्यावी, पण तिने गाडी वेगवान होते असं म्हणू नये. रस्त्याला टेकतं ते रबर. पैसे आधी तिथेच खर्च करा.