दुःख कोणाचे आणि समता कोणाची?

कोणाच्या घरी आपत्ती आली की सांत्वनाला येणारे लोक एकच बोल घेऊन येतात : भोग आहेत, भोगल्यावाचून सुटका नाही. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली तरी भोग. दवाखाना वेळेवर गाठता आला नाही तरी भोग. कर्जापायी कर्त्या पुरुषाने जीव दिला तर त्याच्या विधवेस सांगावयाचे तेही हेच. असे बोलणारे लोक दुष्ट नसतात. परंतु या एका शब्दाने आमच्या कुणबी, माळी, तेली, परीट, सुतार, लोहार घरांचे किती नुकसान केले, याचा विचार आपण एकदा शांतपणे केला पाहिजे.

धर्माचे नाव पुढे करून हे सांगतात, म्हणून ग्रंथ काय म्हणतात तेच प्रथम पाहू. सांख्यकारिका या जुन्या ग्रंथाचा आरंभच मुळी दुःखापासून आहे. तीन प्रकारची दुःखे माणसास छळतात, म्हणून ती दूर करण्याचा उपाय शोधावा, असे तो म्हणतो. आपल्याच शरीराचे व मनाचे ते आध्यात्मिक. दुसऱ्या माणसांपासून व जनावरांपासून होणारे ते आधिभौतिक. वारा, पाऊस, ऊन, थंडी यांपासून होणारे ते आधिदैविक. रोजचे उपाय कायमचे पुरत नाहीत, शेवटी ज्ञान हवे, असे तो पुढे सांगतो. पण उपाय करूच नका, असे कोठेही सांगत नाही.

आम्ही शाळेत मुलांना शिकवितो की मुद्दल व व्याज एकाच खान्यात मांडले तर हिशेब चुकतो. दुःखाचेही तसेच आहे. पाऊस पडला नाही, हे आधिदैविक. पण खोटे बियाणे, काट्यातली मारी, सावकाराचे व्याज हे माणसाने माणसास दिलेले दुःख, म्हणजे आधिभौतिक. ते दैवाच्या खान्यात ढकलले की ज्याने दिले तो सुटतो आणि ज्यास मिळाले तोच पापी ठरतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे पाणी खारट, हे निसर्गाचे काम. पण गावाला गोडे पाणी आणणे किंवा न आणणे, हे माणसाचे काम.

२००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यात अमरावती व अकोला होतेच. आम्ही विचारतो, एका माणसाचे पूर्वकर्म वाईट असेल. पण सहा जिल्ह्यांतील कापूसवाल्यांचे एकदमच कसे वाईट निघाले? प्रारब्ध काही जिल्ह्यांच्या हद्दी पाहून येत नाही. भाव, कर्ज आणि पाणी मात्र हद्दी पाहून येतात.

आता कोणी म्हणेल, गीतेने सुखदुःखे समान मानावयास सांगितले आहे. खरे आहे. पण बाराव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात, जेथे सुखदुःखी सम राहणारा भक्त वर्णिला आहे, तेथेच तो सर्वांचा मित्र व दयाळू असावा असेही म्हटले आहे. एकाच श्लोकातला अर्धा भाग आपणांस ऐकविला जातो, अर्धा गिळला जातो. समता ठेवावयाची ती आपल्या दुःखापुरती. दुसऱ्याच्या दुःखाविषयी समता ठेवणे याला निर्दयपणा म्हणतात.

याचा अर्थ आमच्या वऱ्हाडानेच जगाला करून दाखविला. शेंडगावच्या परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी कीर्तन चालू असता आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही त्यांची स्वतःच्या दुःखातली समता. पण यात्रेकरूंचे हाल पाहून हेच बाबा स्वस्थ बसले नाहीत. पूर्णाकाठी ऋणमोचनास घाट बांधविला. पंढरपुरात अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. उपाशी माणसाला त्यांनी प्रारब्ध सांगितले नाही, भाकर दिली. ऋणमोचन या नावाचा अर्थ कर्जातून सुटका. पण नदीत बुडी मारून वहीतला आकडा कमी होत नाही, म्हणून कर्ज काढून सण व लग्न करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, हेच ते १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव सांगत फिरले.

सुखाचेही तेच. आपल्या मनाचा लोभ व बडेजाव ज्याने आवरला, त्याचे आध्यात्मिक दुःख कमी झाले. तेवढे आपल्या हाती आहे. उसन्या पैशाचा मांडव चार दिवसांचे सुख देतो आणि चार वर्षांचे दुःख.

म्हणून बंधुभगिनींनो, शेजारी दुःख आले तर भोगाचा उपदेश देऊ नका. हे दुःख कोणत्या खान्यातले, ते त्याच्याजवळ बसून पाहा. मनाचे असेल तर त्यास एकटे सोडू नका. आभाळाचे असेल तर पेरणीला बैलजोडी न्या. आणि माणसाने दिलेले असेल तर कागद घेऊन त्याच्याबरोबर कचेरीत जा. सोसण्यासारखे तेवढेच सोसावे, आणि निवारण्यासारखे निवारावे. ही निवड ज्यास करता आली, त्यास आम्ही धार्मिक म्हणू.